पोटोमॅकच्या घाटावरची वही

ऐंशीच्या दशकात वॉशिंग्टनच्या आसपासच्या कुठल्याही मराठी घरात भारतातून आईवडील येऊन उतरले, की पहिल्या पंधरवड्यात दोन गोष्टी व्हायच्याच. एक म्हणजे आईला इथल्या चहाला चव लागायची नाही. आणि दुसरी म्हणजे सिल्व्हर स्प्रिंगला चारुदत्त गर्ग्यांच्या घरी फोन जायचा.

"काका, आईबाबा आलेत. आम्ही ड्राइव्ह करून दाखवलं सगळं, पण पार्किंगच मिळालं नाही यार. नेक्स्ट सॅटर्डेला जमेल का?"

काकांना जमायचंच. पण त्या 'दाखवलं सगळं'चा त्यांना मनापासून राग होता. गाडीत कोंबलेले आईवडील, मागे हॉर्न मारणारा कोणीतरी, आणि पुढच्या सीटवरून मुलाचं चाललेलं, "बाबा, लेफ्टला बघा, व्हाइट हाउस. गेलं." दोन तासांत राजधानी संपायची आणि म्हातारा घरी येऊन पत्रात लिहायचा, वॉशिंग्टन पाहिले, फार सुंदर आहे. काकांचं म्हणणं, गाव पायांनी बघायचं असतं. ज्या गावात तुमचे पाय दुखले नाहीत, ते तुम्ही पाहिलंच नाही.

हे म्हणायला त्यांना तसं उशिराच सुचलं होतं. राज्याच्या रस्ते खात्यात पूल तपासायची त्यांची नोकरी. पुलाखाली उभं राहून टॉर्च मारून वर बघायचं आणि काँक्रीटला भेगा पडल्यात का ते लिहायचं. अठ्ठ्याहत्तर साली भेगा त्यांच्या स्वतःच्या हृदयातच निघाल्या आणि बायपास झाली. डॉक्टरांनी रोज तीन मैल चालायला सांगितलं. घराभोवतीच्या गल्ल्यांतून कुत्रा बरोबर न घेता चालणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात, हे काकांना आठवड्याभरात कळलं. म्हणून ते मेट्रोने शहरात जाऊन चालू लागले. मग ओळखीतल्या डॉक्टर लतिका नेन्यांचे आईवडील आले आणि लतिकाने विचारलं, तुम्ही जाताच आहात तर यांना नेता का. तिथून जे सुरू झालं ते शहाऐंशीपर्यंत थांबलं नव्हतं.

नियम कडक होते. शनिवारी सकाळी नऊ वाजता मेट्रो स्टेशनवर तिकिटाच्या मशीनपाशी हजर राहायचं. साडी असो की धोतर, पायात कॅनव्हासचे बूट हवेत. नसतील त्यांच्यासाठी रेखाकाकूंनी गॅरेजमध्ये एक खोकं भरून ठेवलं होतं, सहा नंबरपासून दहापर्यंत. इरकली लुगडं, नाकात नथ आणि खाली पांढरेशुभ्र बूट अशा कितीतरी बायका त्या वर्षांत वॉशिंग्टनने पाहिल्या, आणि त्यांच्यापुढे लाल टोपी घातलेले बुटके काका. सरकत्या जिन्यापाशी बायका थबकल्या की ते म्हणायचे, "जिन्याकडे बघू नका. माझ्या टोपीकडे बघा आणि पाय टाका." आणि पाय पडायचा.

इतिहास त्यांना बेताचाच येत होता. पण अकरानंतर कुठल्या बाकावर सावली येते, कुठल्या म्युझियममधलं बाथरूम दारापासून जवळ आहे, पाणी कुठल्या नळाला गार असतं, हे त्यांना पाठ होतं. उंच मॉन्युमेंटपाशी ते पाहुण्यांना दगडाचा रंग मध्येच बदललेला दाखवत. काम अर्ध्यात थांबलं आणि वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा सुरू झालं तेव्हा दगड दुसरा आला, असं सांगितलं की पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेल्या गृहस्थांचा चेहरा खुलायचा. विमानांच्या म्युझियममध्ये चंद्रावरून आणलेला दगड आहे, त्याला हात लावू देतात. एका आजींनी हात लावला आणि काकांना हळूच विचारलं, आज संकष्टी आहे, चंद्राला हातच लावला तर आता उपास सोडायला हरकत नाही ना? काकांनी क्षणभर विचार करून परवानगी दिली आणि थर्मासमधला चहा आणि एक थालीपीठ पुढे केलं.

लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांपाशी निम्मे लोक बूट काढायचे. एवढा मोठा गाभारा, आत एवढी मोठी बसलेली मूर्ती, तिथे बूट घालून जायचं कसं? सुरुवातीला काका समजावत. पुढे त्यांनी समजावणं सोडलं आणि बरोबर एक कापडी पिशवी ठेवायला सुरुवात केली. बूट पिशवीत, पिशवी काकांच्या खांद्याला, आणि मंडळी अनवाणी वर.

लिंकनच्या मागे रस्ता ओलांडला की पोटोमॅक नदी आहे, आणि तिथे नदीपर्यंत उतरत गेलेल्या रुंद दगडी पायऱ्या आहेत. टूरिस्ट बसगाड्या तिथे थांबत नाहीत. काकांची फेरी मात्र तिथेच संपायची. पायऱ्या दिसल्या की पाहुणे आपसूक म्हणायचे, अरे, हा तर घाट आहे. बायका खाली जाऊन पाण्याला हात लावत आणि डोळ्यांना लावत. डबे उघडले जात. आणि सगळं झाल्यावर काका पिशवीतून एक वही काढत. लांबट, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, आडवी धरून लिहायची. तीत पाहुण्याचं नाव, गाव, कुणाकडे उतरले, तारीख, आणि शेवटी पाहुण्याच्या हातची सही. शहाऐंशीच्या उन्हाळ्यापर्यंत तीनशे नावं झाली होती. लोकांना वाटायचं, काकांना हौस आहे. काकाही तेवढंच सांगत.

खरं काय ते फक्त रेखाकाकूंना माहीत होतं.

गर्गे मूळचे नाशिकचे क्षेत्रोपाध्ये. गोदावरीवर येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचे, त्यांना देवळं दाखवायची, घरी उतरवून घ्यायचं, आणि जाताना वहीत त्यांचं नाव लिहून घ्यायचं, हा घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. माजघरातल्या फडताळात लाल कापडात बांधलेल्या वह्या होत्या. चारुदत्तचे वडील जगन्नाथ, म्हणजे अण्णा, यांची ख्याती अशी, की आडनाव आणि गाव सांगितलं की दहा मिनिटांत तुमच्या पणजोबांची मोडीतली सही तुमच्यापुढे. माणसं ती सही बोटाने चाचपत आणि रडत. लहानपणी चारुदत्तने हे शेकडो वेळा दारातून पाहिलं होतं. आत जाऊन अण्णांशेजारी मात्र कधी बसला नाही. त्याला गणित आवडायचं. चौसष्ट साली तो अमेरिकेला निघाला तेव्हा नाशिक रोडच्या फलाटावर अण्णा म्हणाले होते, "जा. वही उघडायला कोणी उरणार नाही, एवढंच." रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत, आणि त्यानंतर बावीस वर्षं त्यांच्या पोस्टकार्डांवर 'येथील सर्व कुशल' याच्यापलीकडे दुसरा मजकूर आला नाही. चारुदत्त पाच वेळा घरी गेला, कधी एकटा, कधी रेखा आणि मुलगी विनीता यांना घेऊन. पाचही वेळा बापलेक पाऊसपाण्याबद्दल बोलले.

आई इथे आली असती तर हे कोडं केव्हाच सुटलं असतं. पण अण्णांना सोडून ती यायची नाही, आणि अण्णा निघायचे नाहीत. चौऱ्याऐंशीत ती गेली. लोकांच्या इतक्या आया काकांनी हाताला धरून सरकत्या जिन्यावर चढवल्या आणि स्वतःची आई तेवढी राहिली. हे शल्य त्यांना शनिवारी संध्याकाळी, पाय शेकत बसलं की हमखास टोचायचं.

अण्णा आले ते शहाऐंशीच्या सप्टेंबरात. वय अठ्ठ्याहत्तर, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. नजर अधू झाल्यावर वह्या पुतण्याच्या, प्रतापच्या, हवाली केल्या होत्या. रेखाकाकूंनी फोनवर रडून-भांडून बोलावलं म्हणून ते आले, सहा आठवड्यांसाठी. ते येण्याच्या आदल्या दिवशी काकांनी आपली लाल वही गॅरेजमधल्या बुटांच्या खोक्यात तळाशी टाकली. छप्पन्न वर्षांचा माणूस, छाती उघडून शिवून घेतलेला, आणि वडिलांना ती वही दिसेल म्हणून शाळकरी पोरासारखा ती लपवत होता. खरी वही टाकून आलास आणि इथे खोटी मांडून बसलास, असं अण्णा म्हणाले तर काय उत्तर देणार होते? आणि म्हणाले नाहीत, नुसते गप्प राहिले, तर ते आणखी वाईट.

पहिल्याच शनिवारी त्यांनी अण्णांना चला म्हटलं. अण्णांनी मान हलवली. "जन्मभर मी लोकांना फिरवलं. मला कोणी फिरवायला नको." पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी काकांनी विचारलंच नाही. ते लोकांच्या आईवडिलांना घेऊन गेले आणि स्वतःचे वडील खिडकीशी बसून समोरच्या घरचं गवत कापायचं मशीन बघत राहिले. त्या दिवशी काकांनी चंद्राचा दगड घाईघाईने दाखवला आणि ते पुढे चालू लागले. पाहुण्यांना वाटलं, यांची तब्येत बरी नसावी.

ऑक्टोबर निम्मा उलटला. परतीचं तिकीट बारा दिवसांवर आलं. शुक्रवारी संध्याकाळी अण्णांनी रेखाकाकूंना विचारलं, उद्या किती जण आहेत? काकू म्हणाल्या, दोघंच. शैलेंद्र लोणारीचे आईवडील, येवल्याचे. अण्णा 'येवल्याचे' एवढंच म्हणाले आणि पोळीकडे वळले.

शनिवारी सकाळी काका खाली आले तर अण्णा दाराशी उभे. धोतर, काळा कोट, काळी टोपी, गळ्यात मफलर, आणि पायमोजे चढवून त्यावर नाशिकच्या वहाणा. कॅनव्हासच्या बुटांना त्यांनी साफ नकार दिला.

"मी मागून येईन," ते म्हणाले. "मला काही सांगत बसू नकोस. तुझं काम कर."

आणि खरंच ते दिवसभर मागून चालले. श्रीरामपंत लोणारी आणि सुमित्राबाई ही साधी, हसरी माणसं होती. सुमित्राबाईंना सरकत्या जिन्याचं भय वाटलं, त्यांनी टोपीकडे बघितलं आणि त्या उतरल्या. काकांचं नेहमीचं सगळं चाललं होतं. पण पाठीवर ती जाड भिंगं आहेत हे त्यांना क्षणभरही विसरता येत नव्हतं. पुढे गेलेल्या पाहुण्यासाठी थांबणं, दमलेल्या बाईला दमलात का असं न विचारता बाकावर बसवणं, उन्हाच्या बाजूला स्वतः चालणं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते करताना आज पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की हे सगळं आपण दारात उभं राहून पाहिलेलं आहे. अण्णांच्याही ते लक्षात येत असेल का, हे मागे वळून बघायचा धीर त्यांना झाला नाही.

व्हिएतनामच्या लढाईत गेलेल्या शिपायांची काळ्या दगडाची भिंत लागली. तिच्यावर अठ्ठावन्न हजार नावं आहेत. भिंतीच्या टोकाला एका उभ्या चौरंगावर जाडजूड पुस्तक होतं आणि एक म्हातारी अमेरिकन बाई त्यात बोट फिरवत काहीतरी शोधत होती. अण्णा थांबले. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तोंड उघडलं.

"ती काय शोधते आहे?"

"नाव, अण्णा. मुलाचं असेल. पुस्तकात नाव सापडलं की भिंतीवर कुठल्या दगडावर, कितव्या ओळीत आहे ते कळतं."

बाईला नाव सापडलं. ती भिंतीशी गेली, त्या नावावर कागद धरला आणि पेन्सिलीने घासून नाव कागदावर उतरवून घेतलं. अण्णा ते सगळं होईपर्यंत उभे राहिले. मग टोपी काढून त्यांनी भिंतीला नमस्कार केला. "म्हणजे यांचीही वही आहे," ते म्हणाले आणि चालू लागले.

लिंकनपाशी सुमित्राबाईंनी बूट काढले. अण्णांनी वहाणा काढल्या आणि मुलाने पुढे केलेल्या पिशवीत टाकल्या. वडिलांच्या वहाणा खांद्याला लावून काका पायऱ्या चढले. वर गेल्यावर ते जरा वेळ खांबाआड उभे राहिले, डोळे कोरडे होईपर्यंत.

लिंकनपासून मंडळी तशीच अनवाणी घाटावर आली. तिथे ऊन होतं. पलीकडच्या काठावरची झाडं तांबडी-पिवळी झाली होती. डबे झाले, चहा झाला. काकांनी डब्याची झाकणं लावली आणि चला, निघू या, असं म्हणाले. पण सुमित्राबाई जागच्या हलल्या नाहीत.

"अहो, आणि वही? नेने डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, गर्गे सही घेतल्याशिवाय सोडत नाहीत. मी तर घरून चांगलं पेन घेऊन आले आहे."

काका म्हणाले, वही आज राहिली. आणि ते खोटं होतं. सकाळी खोक्यातून जास्तीचे बूट काढताना वही हाताला लागली होती आणि सात वर्षांच्या सवयीने ती पिशवीत पडली होती. ती तिथेच होती, वहाणांच्या खाली. अण्णा पिशवीला टेकूनच बसले होते. त्यांनी आत हात घातला, लाल पुठ्ठा चाचपला आणि वही बाहेर काढली.

ती त्यांनी डोळ्यांपाशी धरली. पहिलं पान, दुसरं, तिसरं. लतिकाच्या आईवडिलांपासून एकेक नाव ते ओठांतल्या ओठांत वाचत गेले. नदीवरून बोट गेली, तिच्या लाटा खालच्या पायरीवर आपटून गेल्या, तरी ते वाचतच होते. काकांना पुलाखाली उभं राहून भेग शोधायची सवय. वडिलांच्या चेहऱ्यावर ते आता तेच करत होते.

"चुकलंय," अण्णा शेवटी म्हणाले.

काकांनी मान खाली घातली. "मला माहीत होतं तुम्हाला आवडणार नाही."

"आवडण्याचं कोण बोलतंय? वडिलांचं नाव नाही, आजोबांचं नाव नाही. नुसतं माणूस आणि गाव. उद्या यांचा नातू इथे आला तर त्याला हे पान सापडायचं कसं? आणि समास कुठे आहे? मुलंबाळं होतात, सुना येतात, त्यांची नावं कुठे घालणार? तीनशे नावं फुकट घालवलीस." मग ते म्हणाले, "शेजारी बसला असतास तर कळलं असतं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी रागाने म्हटलं नाही. बावीस वर्षांनी ते तोंडातून निघालं आणि निघाल्यावर दोघांनाही हलकं वाटलं.

अण्णांनी सुमित्राबाईंचं पेन मागून घेतलं आणि ते श्रीरामपंतांकडे वळले. वडिलांचं नाव? रामभाऊ. आजोबांचं? विठोबा. अण्णांचा हात थबकला.

"कापड बाजारातले विठोबा लोणारी? एका कानात भिकबाळी होती?"

श्रीरामपंतांनी होकारार्थी मान हलवली. अण्णा सांगत गेले. बत्तीसच्या सिंहस्थाला विठोबा आमच्या माडीवर उतरले होते, बरोबर बारा वर्षांचा नातू. नाव मीच लिहून घेतलं, माझी ती पहिलीच वर्षं. नातवाने दौत लवंडली आणि पानावर हा एवढा डाग पडला. वही प्रतापकडे आहे, डागही आहे. येवल्याचं पान काढलं की पहिला तोच दिसतो.

"आजोबा फार रागावले होते मला," श्रीरामपंत म्हणाले. सहासष्ट वर्षांच्या त्या माणसाचे डोळे भरून आले. "आणि तुम्ही म्हणाला होतात, असू द्या, ही पण सहीच आहे."

मग सगळं रीतसर झालं. डावीकडे चार बोटं समास सोडून अण्णांनी विठोबापासून शैलेंद्रपर्यंत नावं लिहिली आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या. अक्षर वाकडं, पण ओळ सरळ होती. चारुदत्त शेजारी बसून बघत होता. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तो पहिल्यांदाच वहीशेजारी बसला होता.

सह्या झाल्यावर काकांनी वहीसाठी हात पुढे केला. अण्णांनी ती दिली नाही. त्यांनी नवं पान उलटलं, समास सोडला आणि लिहायला लागले. ते काय लिहितायत हे काकांना कळेना, कारण त्यांच्यासमोर आता कोणी यात्रेकरू नव्हता. लिहून झाल्यावर अण्णांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि मग वही मुलाच्या मांडीवर ठेवली.

पानावर लिहिलं होतं:

'जगन्नाथ केशव गर्गे, राहणार नाशिक. आजे गोविंद. वॉशिंग्टन क्षेत्री आलो, पायी दर्शन झाले. सून सौ. रेखा. नात चि. विनीता. मुलगा चि. चारुदत्त, व्यवसाय क्षेत्रोपाध्ये.'

काकांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता येईना. अण्णांनी पिशवीतून आपल्या वहाणा काढून पायांत घातल्या आणि उठण्यासाठी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या शनिवारी कोण आहे?" त्यांनी विचारलं.